नळात सोडलेला माइक

माझा धंदा माइक-सेटचा. लग्न, बारसं, जत्रा, सप्ताह, निवडणूक. माणसांना जिथं म्हणून आहे त्यापेक्षा मोठ्यानं बोलायचं असतं, तिथं माझे भोंगे असतात. आमचं गाव बसवकल्याण तालुक्यात, मंठाळच्या पुढं. गावच्या मारुतीच्या देवळावर भोंगा बांधून मी एकदा ‘हॅलो’ म्हटलं की तिकडं उदगीरच्या बाजारात माणसं मागं वळून बघतात. तू हितं हॅलो म्हणायला असताना उदगीरला वळलेली माणसं तुला दिसली कशी, असं मला पारावर चारचौघांत विचारण्यात आलेलं आहे. असल्या बारीक बुद्धीच्या लोकांशी मी वाद घालत नाही.

तर माझ्या सांगण्यातलं निम्मं वजा करून ऐकायची आमच्या गावाला सवय आहे. तुम्हीही करा, माझी हरकत नाही. फक्त दोन गोष्टी वजा करू नका. एक, तिळाएवढा किडा. दुसरी, कोंबड्या झाकायची डालगी. त्या जशा होत्या तशाच सांगतो आहे.

पाण्यात माइक सोडतात हे मला कळलं ते कारंजा धरणावर. चार-पाच वर्षांमागं तिथं एक मॅडम आल्या होत्या, खालच्या दक्षिणेकडच्या कुठल्याशा विद्यापीठातल्या. पाण्यातले मासे आणि किडे काय आवाज करतात याचा त्यांचा अभ्यास. त्यांची बॅटरी बसली, आणि भालकीत कुणीतरी त्यांना सांगितलं की बॅटरी, वायर आणि बडबड एकाच ठिकाणी मिळेल असा एक माणूस आहे. मी गेलो. बॅटरी द्यायला अर्धा तास पुरला असता. मी आठ दिवस राहिलो. मॅडमना मराठी येत नव्हती आणि माझं कन्नड बाजारापुरतं, त्यामुळं आमचं सगळं बोलणं आपल्या इकडच्या दख्खनी हिंदीत.

पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हणालो, मॅडम, एवढं महागाचं यंत्र कशाला, माझ्याकडं एक नंबरचे माइक आहेत. आणि लग्नातला माझा सगळ्यात भारी माइक दुधाच्या दोन पिशव्यांत घालून, वर रबर बांधून, होडीतून पाण्यात सोडला. कानात पिशवीची चुरचुर तेवढी आली. मासा नाही, किडा नाही. मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं.

साध्या माइकात एक पातळ पडदा असतो, तो हवेनं हलतो. पिशवीत हवा आहे, बाहेर पाणी आहे. पाण्यातला आवाज हवेशी आला की दारातूनच परत फिरतो. हजारातला एखादा हिस्सा आत येतो. मला ते लगेच पटलं, कारण लहानपणी विहिरीत बुडी मारली की वरून बाप कितीही ओरडला तरी ऐकू येत नसे. अप्पा ओरडत होते हे मी कधीच नाकारलं नाही, ऐकू आलं नाही एवढंच म्हणायचो, आणि मार खायचो. पण त्याच विहिरीत बुडी मारून कुणी दोन दगड एकमेकांवर आपटले की थेट डोक्याच्या आत घण बसल्यासारखं व्हायचं, आणि कुठल्या बाजूनं आला ते काही केल्या कळायचं नाही. मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं धावतो, दोन्ही कानांना जवळपास एकदमच गाठतो, मग डोक्याला दिशा कुठून कळणार.

त्यांच्या माइकात पडदा नव्हता. एक चिनीमातीसारखी तबकडी होती. ती दाबली की तिच्यात वीज उठते. ही काही जादू नाही. गॅस पेटवायचं लायटर खट्ट करतो, ठिणगी उडते, त्याच्या पोटात हाच माल असतो. आवाज म्हणजे पाण्यात सरकत जाणारा दाबच. दाब आला, तबकडी चेपली, वीज. दाब गेला, तबकडी सुटली, उलटी वीज. तेवढी इवलीशी वीज तारेतून वर आणायची आणि फुगवायची. तबकडीवर रबरासारखा लेप असतो, तोही असा की आवाजाला पाणी संपून लेप सुरू झाला हे कळूच नये. कळलं तर तो तिथूनही परत फिरेल.

मग त्यांनी कानाचे फुगे, म्हणजे हेडफोन, माझ्या डोक्यावर चढवले आणि माइक पाण्यात सोडला. मी तीस वर्षं आवाजाचा धंदा करतो आहे. इतका गोंधळ मी पंचायतीच्या निवडणुकीतही ऐकला नव्हता. काठाच्या शेवाळातून टिकटिक, टिकटिक. ऊन चढलं की पाणवनस्पतींच्या पानांतून बुडबुडे सुटतात, त्याचा आवाज. मधेच कुणीतरी करकरून दार उघडावं तसा शिंगाळा मासा. आणि या सगळ्यांच्या वर एक कर्कश चर्रर्र. मी म्हटलं, हा कोण पैलवान? मॅडमनी चिमटीत धरून दाखवला. तिळाएवढा किडा. अंगाच्या मानानं एवढा मोठा आवाज करणारा प्राणी शोधून सापडत नाही म्हणे. आणि तो हा आवाज आपला कुठला अवयव पोटावर घासून काढतो, ते मॅडमनी अभ्यासाच्या भाषेत सरळ सांगितलं, पण आमच्या पारावर ते सांगायची सोय नाही. मी सांगून बघितलं. तेव्हापासून लोक निम्म्याऐवजी पाऊण वजा करायला लागले.

समुद्रात हाच माइक देवमाशाला ऐकतो, शेकडो मैलांवरून. लढाईच्या काळात शत्रूची पाणबुडी दिसत नसली तरी तिचा पंखा ऐकू येतो, म्हणून समुद्राच्या तळाशी असे माइक पेरून ठेवतात. तळाची जमीन हादरली तरी ते आधी यालाच कळतं. हे सगळं ऐकून मी म्हणालो, आमच्याकडं ना देवमासा ना पाणबुडी, आमच्या काय उपयोगाचं? मॅडम म्हणाल्या, तुमच्याकडं नळ असतील ना? मोठ्या शहरांत जमिनीखालच्या पाइपात हा माइक सोडतात. पाइप फुटला असेल तिथून पाणी फुसफुसत बाहेर पडतं, आणि ती फुसफूस पाण्यातून लांबवर जाते. लोखंडी पाइपाला बाहेरून कान लावला तरी चालतं, पण प्लास्टिकचा पाइप आवाज पिऊन टाकतो; तिथं पाण्यातच माइक सोडावा लागतो.

हे मी ऐकलं आणि ठेवून दिलं. उपयोग पुढं पडला, आत्यापायी.

आत्या, म्हणजे अप्पांची धाकटी बहीण, आमच्याच गावात दिलेली. वरच्या गल्लीत चढावरचं अगदी शेवटचं घर तिचं. तिचा नवरा, म्हणजे आमचे मामा, वारले, पोरगा हैदराबादेत औषधाच्या कंपनीत. घरात ती एकटी. सरकारी योजनेतून घरोघर नळ आले तेव्हा तिच्याही अंगणात नळ उभा राहिला. पहिलं वर्षभर पाणी आलं. मग नळ नुसता सुस्कारे टाकायला लागला. वरच्या गल्लीतल्या सगळ्यांचीच ती गत, पण बाकीच्या घरांत तरणी माणसं. त्यांचं पाणी शाळेजवळच्या हापशावरून यायचं. आत्याचे गुडघे गेलेले. ती एका कमरेवर घागर घेऊन चढ चढायची तेव्हा तीन ठिकाणी टेकायची, आणि प्रत्येक टेक्याला पंचायतीचा उद्धार करायची.

एकदा ती घसरली. हाड मोडलं नाही, घागर चेपली. पण ते कुणीतरी फोनवर तिच्या पोराला सांगितलं. तो रविवारी आला आणि माझ्यासमोर तिला म्हणाला, “माय, पाडव्याला यायलोय गाडी घिऊन. तवर नळाला पानी आलं तर ऱ्हा. न्हाई तर सामान बांधून ठिव.”

आत्या त्याच्याकडं एकदा आठ दिवस राहून आली होती, अकराव्या मजल्यावर. तो गेल्यावर ती मला म्हणाली, “थितं नळाला लई पानी हाय रे. पन बोलायला नुसत्या भिंती हायत.”

पाडव्याला महिनाभर होता. मी तिला म्हटलं, तू ट्रंक काढू नकोस, मी बघतो. ती म्हणाली, तू लहानपणापासून बघायलास. बघितलं काय ते अजून दिसलं न्हाई.

मी पंचायतीत गेलो. अध्यक्ष म्हणाले, पाइप कुठंतरी फुटलाय हे आम्हालाही कळतं. पण पाइप आहे मुख्य गल्लीच्या खाली, आणि गल्लीवर गेल्याच वर्षी सिमेंटचा रस्ता झालाय. कुठं फुटलाय ते न कळता सगळा रस्ता फोडायचा का? मी म्हटलं, मी जागा दाखवतो. पाण्यात सोडायचा माइक बनवतो. सभेतले सगळे हसले, एकजण म्हणाला उदगीरला विचारून घे. पण अध्यक्ष व्यवहारी. म्हणाले, एक खड्डा देतो. तुझ्या शब्दावर, तू दाखवशील तिथं. एकच. तिथं गळती निघाली नाही तर पुन्हा रस्त्याला हात नाही.

म्हणजे हिशेब असा पडला: एक खड्डा, आणि त्यावर आत्याचं गावात राहणं.

माइक मी घरीच केला. उघडलं की गाणं म्हणणारं वाढदिवसाचं कार्ड असतं, त्यातून पितळी तबकडी काढली. मॅडमच्या माइकाची ती गरीब चुलत बहीण. तिला दोन तारा डाख देऊन जोडल्या, वरून जाळीची वायर लावली, आणि सगळं एपॉक्सीत बुडवून वाळवलं. दिसायला भज्यासारखं झालं. वायरच्या दुसऱ्या टोकाला आवाज फुगवायची एक छोटी डबी, तिला कानाचे फुगे. विहिरीत सोडून बघितलं: वरच्या पायरीवर बायको धुणं आपटत होती ते तोफेसारखं ऐकू आलं. मग वॉटरमनला, म्हणजे टाकीचं पाणी सोडणाऱ्या आमच्या माणसाला, पटवलं. गावात पाणी एक दिवसाआड, सकाळी सहाला. देवळासमोर व्हॉल्व्हचा खड्डा आहे, तिथून खालची गल्ली आणि पुढं वरची गल्ली. तिथल्या पाइपाला त्यानं एक आखूड नळी वर काढून दिली, तिच्यातून मी भजं पाण्यात सोडलं आणि झाकण घट्ट केलं.

सहा वाजले. व्हॉल्व्ह फिरला. पाणी आलं. आणि पाचच मिनिटांत माझ्या कानात सुरू झालं: घूंऽऽऽ.

आता माइक-सेटवाल्याला घूं म्हणजे काय ते जन्मापासून ठाऊक. अर्थिंग नीट नाही, वायर उघडी आहे, जवळून करंटची तार गेली आहे. लग्नात भटजी मंगलाष्टक म्हणायला उभे राहिले की हीच घूं येते आणि सगळं लग्न माझ्याकडं बघतं. तिला मारणं हीच माझी कला. मी घरी आलो, जाळीची वायर बदलली. एक दिवसाआडच पाणी, म्हणून दोन दिवस थांबलो. पुन्हा घूं. डबीला चांदीचा कागद गुंडाळला. दोन दिवस. घूं. जमिनीत सळई ठोकून अर्थिंग दिलं. दोन दिवस. घूं. असे बारा-पंधरा दिवस मी घूंच्या मागं घालवले आणि पाडवा जवळ येत गेला. आत्या रस्त्यात भेटली की माझ्या हातातल्या नव्या वायरकडं बघायची आणि पुढं चालायला लागायची. ट्रंक तिनं माळ्यावरून काढली होती.

शेवटी एका दुपारी नवी वायर तपासायला म्हणून मी भजं तसंच पाइपात सोडलं. गावात करंट होता, वरून तारा गेल्या होत्या, डबी तीच. पाइपातलं पाणी मात्र उभं होतं. आणि कानात काही नाही. एकदम स्वच्छ. मी मारुतीला नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला व्हॉल्व्ह फिरला, आणि घूं हजर.

त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला मारायचं सोडून तिचं ऐकलं. ती एकदम येत नव्हती. आधी एक घूं. मिनिटाभरानं तिच्यात दुसरी मिसळली, थोडी जाड. मग तिसरी. भजनात एकेक माणूस येऊन बसावा आणि सुरात सूर मिळवावा तसं. मी ते मोबाइलवर भरून मॅडमना पाठवलं. दुपारी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, गळती फुसफुसते, घुमत नाही. या मोटारी आहेत. आणि एक-दोन नाहीत, पुष्कळ आहेत.

आता डालग्यांचं सांगतो. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी पाटी. आमच्या खालच्या गल्लीत दोन वर्षांत डालगी भरमसाट वाढली होती. प्रत्येक अंगणात, नळाच्या अगदी शेजारी, एक डालगं पालथं. कोंबड्या मात्र सगळ्या गल्लीत मिळून सात-आठ. हे कुणालाच विचित्र वाटत नव्हतं, कारण प्रत्येकाच्या डालग्याखाली नळाला लावलेली पाणी ओढायची छोटी मोटर होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की गावात असली मोटर आपलीच तेवढी, शेजाऱ्याकडं कोंबड्या असतील. सहाला पाणी सुटायचं आणि खालची गल्ली बटण दाबून सगळं पाणी वरच्या वर ओढून घ्यायची. चढावर काय जाणार, सुस्कारे.

आमच्या घरी कोंबडी नाही. डालगं आहे. मोटर मीच बसवली होती, स्वतःच्या हातानं, पान्यानं आवळून. अर्ध्या हॉर्सपॉवरची. मी माझ्या मनाला असं सांगून ठेवलं होतं की एवढ्याशा मोटरीनं काय होतं.

खरं बोलावं तर पंचायतीत उभं राहून सगळ्या खालच्या गल्लीचं नाव घ्यावं लागणार, त्यात पहिलं माझं. आणि माझं खरं कोण ऐकणार? आधीच पाऊण वजा. न बोलावं तर कुठंतरी उगाच खड्डा मारून घ्यायचा, गळती निघणार नाही, आणि आत्या अकराव्या मजल्यावर.

मी तिसरं केलं. पुढच्या पाण्याच्या दिवशी भज्याची वायर अँप्लिफायरला जोडली आणि अँप्लिफायर देवळावरच्या भोंग्याला. सहाला व्हॉल्व्ह फिरला आणि पाइपातली घूं सगळ्या गावावर पसरली. गुरं उभी राहिली. पुजाऱ्यानं आरतीचं ताट खाली ठेवलं. उदगीरचं मी काही म्हणत नाही. लोक जमले तसा मी माइक हातात घेतला आणि सांगितलं की ऐकून घ्या, हा पाइपातला आवाज आहे. पुढच्या पाण्याला मी यंत्र घेऊन दारोदार येणार. ज्या नळाला हा आवाज सगळ्यात मोठा येईल, तिथंच गळती. तिथं खड्डा. मग तो रस्ता असो नाहीतर कुणाचं अंगण. अध्यक्षांनी शब्द दिलेला आहे.

अध्यक्षांनी रस्त्यातल्या खड्ड्याचा शब्द दिला होता. पण ते गर्दीत होते आणि गप्प राहिले. त्यांचंही घर खालच्या गल्लीत.

घरी आलो तर बायको भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, “खड्डा कुटं मारनार हाव म्हनं?”

“जितं आवाज मोठा येईल तितं.”

“मंग आपल्याच अंगनात मारा. आपलीच मोटर सगळ्यात जवळ हाय की देवळाला.” भाकरी तव्यावर पडली. “न्हाई तर आदी ते डालगं उचला.”

मी पाना घेऊन बाहेर गेलो. मोटर सोडताना सहज गल्लीत नजर टाकली, तर तीन अंगणांत तीन माणसं डालग्यापाशी वाकलेली. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही. दुपारपर्यंत कडब्याच्या गंजी जरा फुगल्या होत्या.

दोन दिवसांनी पाणी सुटलं. मी डोक्यावर कानाचे फुगे, गळ्यात डबी, हातात रबरी नळीत बसवलेलं भजं असा निघालो. पहिला नळ: काही नाही. दुसरा: काही नाही. नुसतं पाणी चालल्याचा आवाज, सरळ, संथ, झोप येईल असा. मला खरोखर तेव्हाच कळलं की आमच्या पाइपाला स्वतःचा असा एक आवाज आहे. बायका दारात उभ्या राहून मी बघत नाही असं बघून मान हलवत होत्या. आणि तेवढ्यात चढावरून कुणीतरी ओरडत आलं की म्हातारीच्या नळाला पाणी आलं.

मी वर निघालो खरा, पण कानात काहीतरी टोचत होतं. वरच्या गल्लीत शिरल्यापासून पाण्याच्या आवाजात एक खोकला होता. खर्र, घुट्ट, खर्र. घूं नव्हे, तिचा दमेकरी भाऊ. प्रत्येक नळाला तो वाढत गेला. शेवटच्या नळाला सगळ्यात मोठा.

आत्या घागर भरत होती, तोंडभर हसत. नळाच्या पलीकडं परात पालथी, तिच्यावर गोणपाट. मी गोणपाटाकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

“कवापासून?” मी हळूच विचारलं.

“दोन वर्सं झाली,” आत्या म्हणाली. “खालल्यांनी लावल्यात मनून मी बी लावली. नुसती हवा वढायली रे. आज पयल्यांदा पानी आलं तिच्या तोंडाला.”

दोन वर्षं या बाईनं खालच्या गल्लीला चोर म्हणून शिव्या दिल्या होत्या. मी कुठल्या तोंडानं बोलणार होतो. पण काळजी वेगळीच होती. आज पाणी आलं ते सगळ्यांनी मोटारी काढल्या म्हणून, की तिची एकटीची चालू होती म्हणून? तिची घूं मी ऐकली तशी उद्या कुणी डालगं मांडून बसलेला शेजारी ऐकेल, आणि मग एकेक करून सगळी गल्ली पुन्हा भजनाला बसेल. मी तिला सांगितलं, ही काढ. ती म्हणाली, परवा पाडवा. पोरगा यायलाय. परवा पाणी आलं नाही तर तू मला इथं ठेवून घेणार हायस का? मी म्हटलं, काढ. तिनं घागर उचलली आणि आत गेली. पाना तिनं दाखवला नाही.

पाडव्याला पोरगा पहाटेच आला. गाडी दारात, ट्रंक उंबऱ्याशी बांधलेली. मी साडेपाचलाच जाऊन बसलो. नळापाशी परात नव्हती, गोणपाट नव्हतं. मोटर होती त्या जागी पाइपाला ओलं नवं टोपण आवळलेलं. आत्या चुलीकडं तोंड करून बसली होती, मागं वळून बघत नव्हती.

सहा वाजले. नळ उघडा ठेवला. त्यानं एक सुस्कारा टाकला. सव्वासहा. पोरगा घड्याळ बघायला लागला. मी त्याला देवमाशाची गोष्ट सांगितली, शेकडो मैलांवरचा देवमासा. साडेसहा. पाणबुडीची सांगितली. तो म्हणाला, “अण्णा, मला बाराच्या आत हैदराबाद गाठायचंय.” मी तिळाएवढ्या किड्यावर आलो, अवयवासकट. तो हसलासुद्धा नाही. आईकडं बघून म्हणाला, ऊठ माय.

माझ्याकडच्या गोष्टी संपल्या, असं आयुष्यात त्या एकाच दिवशी झालं. मग मी गळ्यातली डबी काढली. भज्याची रबरी नळी आत्याच्या नळाच्या तोंडाला बसवली, नळीत तांब्याभर पाणी ओतलं आणि कानाचे फुगे त्याच्या कानांवर ठेवले. म्हटलं, दोन मिनिटं ऐक, मग ने.

तो उभ्यानंच ऐकत होता. हात ट्रंकेच्या कडीवर. चेहऱ्यावर काही नाही. मग त्याची मान जराशी वाकडी झाली, बाहेर कुणी हाक मारली की होते तशी.

“कायतरी वर यायलंय,” तो म्हणाला.

आत्या चुलीवरून वळली.

“बुडबुडे यायलेत. थांबा. जवळ यायलंय.” त्यानं ट्रंकेची कडी सोडली आणि दोन्ही हातांनी फुगे कानाशी दाबले. मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. अंगणात चिमण्यांशिवाय आवाज नव्हता. आम्ही दोघं त्याच्या तोंडाकडं बघत बसलो. तो हसला तेव्हा मला कळलं, आणि त्यानंतर थोड्या वेळानं रबरी नळी थरथरली, हवा थुंकली, आणि करंगळीएवढी धार घागरीत पडायला लागली. मोटर नाही, काही नाही. आपल्या पायानं चढ चढून आलेलं पाणी.

घागर भरायला वेळ लागला. पोरगा ती भरेपर्यंत तिथंच उकिडवा बसला. मग दुसरी लावली. दुसरी भरत असताना त्यानं आईला विचारलं की दिवाळीला येशील का आठ दिवस. ती म्हणाली बघू. मग गुढी उभारली, त्यानं जेवण केलं, आणि निघायला दुपार झाली.

निघताना आत्यानं त्याला आत बोलावलं. दोघं मिळून काहीतरी जड उचलून आले. गोणपाटात गुंडाळलेली मोटर. “ही घिऊन जा,” ती म्हणाली. “हितं ऱ्हायली तर माझा हात जाईल तिच्यावर.” ट्रंकेसाठी रिकामी केलेल्या डिकीत मोटर ठेवली गेली. आईला न्यायला आलेली गाडी तेवढीच घेऊन हैदराबादला गेली.

खड्डा मी मागितला नाही, अध्यक्षांनी दिला नाही. माझं भजं मी पुन्हा व्हॉल्व्हच्या नळीत सोडलं, ते अजून तिथंच आहे, वायर देवळाच्या भिंतीवरून दिसेल अशी वर नेलेली. पहिल्या पावसाळ्यात एपॉक्सीला चीर गेली आणि आत पाणी शिरलं. त्यानंतर ते चालतं का, असं मला पारावर बऱ्याच जणांनी विचारून झालं आहे. मी सांगतो की चालतं, आणि या एका बाबतीत गाव काहीही वजा करत नाही. खालच्या गल्लीतल्या डालग्यांचं काय झालं ते मी मोजायला गेलो नाही. आमच्याकडं मात्र बायकोनं तालुक्याच्या बाजारातून दोन कोंबड्या आणल्या. म्हणाली, डालगं तर आहेच.